दारवानाला पटलं नाही

अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात छत्तीस वर्षं काळा कोट घालून उभे राहिलेले वसंतराव सगदेव एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी साडेतीन वाजता एका न दिसणाऱ्या दारवानापुढे हरले, आणि का हरले हे त्यांना काही केल्या कळलं नाही.

त्यांना तिथे नेलं होतं त्यांच्या पुतणीने. स्वराली फिजिओथेरपिस्ट होती आणि काकांचे गुडघे तीच बघायची. याच गुडघ्यांनी कोर्टाचे जिने चढायचं नाकारलं म्हणून गेल्या दिवाळीत वसंतरावांनी वकिली थांबवली होती. पण स्वरालीला काळजी गुडघ्यांची नव्हती. काका घरात एकटे होते आणि दिवसभर स्वतःशी बोलत होते, तेही मुद्दे पाडून.

एकटे असण्याचं कारण म्हणजे मुलगा परगावी नोकरीला होता आणि काकू, म्हणजे चारुशीला, अकोल्याला. डिसेंबरात चारुशीलाची मावसबहीण बेबीताई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तिच्या घरात दुसरं माणूस नाही, म्हणून पंधरा दिवस राहून येते असं सांगून चारुशीला एक बॅग घेऊन गेली. पंधरा दिवसांचा महिना झाला. फेब्रुवारीत बेबीताई काठी धरून चालू लागली, मार्चमध्ये काठी घरी विसरून भाजीबाजारात जाऊन आली. चारुशीला मात्र आली नाही. मधेच कधीतरी तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम धरलं होतं. नवरा-बायकोत भांडण झालं असतं तर वसंतरावांना ते समजलं असतं. भांडणाला दोन बाजू असतात, दोन्हींची उत्तरं देता येतात. इथे भांडणच नव्हतं.

ते रोज सकाळी नऊ वाजता फोन करायचे. बेबीताई बरी झाली हा पहिला मुद्दा. या वयात नोकरीची गरज नाही हा दुसरा. अकोल्याचा उन्हाळा अमरावतीपेक्षा वाईट हा तिसरा. चारुशीला सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरोबर आहे तुमचं."

"मग कधी येतेस?"

"बघते."

तर स्वरालीने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि मायाच्या घरी नेलं. माया गवई चांदूर रेल्वेजवळच्या एका गावात शाळेवर शिक्षिका होती. बत्तीस-तेहतीस वर्षांची, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. दर रविवारी तिच्या गच्चीवरच्या खोलीत कूलर लावून चौघं-पाचजण एक खेळ खेळायचे. खेळाला पट नव्हता. माया गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपलं माणूस काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस तोंडांचा फासा टाकायचा. एका खेळणाऱ्याची बदली होऊन तो नांदेडला गेला होता आणि त्याचा भिवा नावाचा पहाडासारखा शिपाई बेवारस पडला होता. तो वसंतरावांना मिळाला.

मायाने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. "हा तुमचा भिवा, काका. ताकद लय हाय त्याच्यात. हे खाली बघा, लोकांशी कसं वागता येते त्याचे तीन आकडे. मनधरणी, थाप आणि दरारा."

मनधरणीपुढे उणे दोन लिहिलं होतं. वसंतरावांनी ते वाचलं आणि त्याकडे दुर्लक्ष केलं.

गोष्ट अशी होती: काटेगड नावाचा किल्ला. किल्लेदाराची मुलगी तापाने फणफणलेली. एका वैद्यासह ही चौघं संध्याकाळी दरवाज्याशी पोचलेली, आणि दारवानाला हुकूम की दिवस मावळल्यावर कोणालाही आत घ्यायचं नाही.

"मी बोलतो त्याच्याशी," वसंतराव म्हणाले.

ते बारा मिनिटं बोलले. सुरुवात त्यांनी हुकुमापासूनच केली. हुकूम कोणी दिला? किल्लेदाराने. कशासाठी? किल्ल्याचं आणि आतल्या माणसांचं रक्षण व्हावं म्हणून. आतल्या माणसांत किल्लेदाराची मुलगी येते की नाही? मग तिला वाचवणाऱ्याला अडवणं म्हणजे हुकूम पाळणं, की हुकुमाचा हेतूच मोडणं? पुढे त्यांनी दारवानाची जबाबदारी सांगितली, उद्या मुलीचं बरंवाईट झालं तर प्रश्न कोणाला विचारला जाईल ते सांगितलं, आणि शेवटी आवाज खाली आणून फक्त एवढंच म्हणाले, "दादा, तुझ्याही घरी लेकरं असतील."

वैद्य झालेला ईशान, जो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि सहसा गप्प बसत नसे, हातातला गिला वडा हातातच धरून बसला होता. दही त्याच्या मनगटावर ओघळलं होतं.

"काय बोलता, काका," माया म्हणाली. "खरंच. आता फासा टाका."

"कशाला?"

"पटलं का ते पाहायला."

वसंतरावांनी फासा टाकला. चार पडले. त्यातून दोन वजा झाले.

मायाने आवाज जाड केला. "हुकूम तो हुकूम. सकाळी या."

"कोणत्या मुद्द्यावर?" वसंतरावांनी विचारलं.

"मुद्दा नाही काका. त्याले नाही पटलं."

"पण काय नाही पटलं? हेतूचा मुद्दा की जबाबदारीचा?"

माया जरा गोंधळली. "आता ते... मंजे आकडा कमी पडला ना."

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला सुगत पुढे सरकला. हा मायाचा मावसभाऊ, एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दुपारपासून तो तीन वाक्यं बोलला असेल. "मी बोलून पाहतो त्याच्यासंग," तो म्हणाला.

"काय बोलतो?"

"असंच. बोलतो दोन गोष्टी." त्याने फासा टाकला. अठरा.

दारवानाने कुरकुरत मोठ्या दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. वसंतराव सुगतकडे बघत राहिले.

"तू त्याला काय सांगितलंस?"

"मले काय माहीत, काका. उघडलं त्यानं."

परत जाताना जिन्यात वसंतरावांनी प्रत्येकाला अडवून विचारलं, की हा फासा म्हणजे नेमकं काय. ईशानने सांगितलं की भाषण तुमचं उत्तम होतं, पण ते भिवाच्या तोंडून आलं. ते बोलताना भिवाची ततपप झाली असेल, फासा म्हणजे ते. स्वराली म्हणाली, तसं नाही, फासा म्हणजे दारवानाची त्या वेळची मनःस्थिती. त्याचं सकाळी घरी काही झालं असेल. मायाला दोन्ही पटली नाहीत. "फासा मंजे आपल्याले जे माहीत नसते ते सारं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "म्हणजे असं मले वाटते." सुगत चपला घालत होता. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "फासा मंजे फासा."

चार साक्षीदार आणि चार जबान्या. वसंतराव घरी आले ते मायाकडून नियमांची छापील चोपडी मागून घेऊनच. आठवडाभर ते लाल पेन्सिल घेऊन ती वाचत बसले. समासात त्यांनी शंका लिहिल्या. युक्तिवाद चांगला असल्यास त्याचा फायदा मिळावा असं एका ठिकाणी होतं, पण किती मिळावा ते नव्हतं. ऐकणाऱ्याला जे मुळातच मान्य होणार नाही ते कितीही मोठा आकडा पडला तरी मान्य करवता येत नाही असं दुसरीकडे होतं. मग फासा कशाला? आणि खेळणाऱ्यांनी एकमेकांच्या माणसांवर मनधरणीचा फासा टाकू नये, कारण आपल्या माणसाला काय पटावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं तिसरीकडे. हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. दारवान कोणाचं माणूस नव्हता म्हणून त्याच्यावर फासा चालतो, हे त्यांना कसंसंच वाटलं. कोणाचाच नसलेल्या माणसाला मत नसतं का?

फुलस्केपवर सतरा शंका उतरवून पुढच्या रविवारी ते गेले. मायाने कागद वाचला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "यातल्या पाचेक मले बी आहेत, काका." मग खेळ सुरू झाला.

त्या दिवशी वाटेत एक नावाडी लागला. नदीपार जायचं होतं आणि तो नाव सोडायला तयार नव्हता. बाकीचे काय बोलावं याची कुजबुज करत असताना माया वसंतरावांना म्हणाली, "भिवा काय करून राहिला?"

"काही नाही. उभा आहे."

"नुसता उभा? त्याच्याकडे पाहून राहिला का?"

"पाहत असेल."

"मग दरारा टाका." दराऱ्यात भिवाला अधिक पाच होते.

वसंतरावांनी फासा टाकला आणि वीस पडले. पोरांनी गलका केला. कोणाला वीस पडले की मायाला वर्णन करायला आवडायचं. तिने सांगितलं की नावाड्याने भिवाकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या हातातलं वल्हं खाली पडलं, ते उचलून नाव ढकलताना तो मान वर करत नव्हता, आणि नदीच्या पार पोचेपर्यंत त्याने एकदाही त्यांच्याकडे पाठ केली नाही.

"मला त्याला घाबरवायचं नव्हतं," वसंतराव म्हणाले.

"पण पार झालो ना," ईशान म्हणाला.

"मी एक शब्द बोललो नाही."

"म्हणून तर भारी."

वसंतरावांनी फासा उचलून वीसचा आकडा बघितला. मागच्या रविवारी बारा मिनिटं बोलून मिळालं नाही ते आज न बोलता मिळालं होतं, आणि मिळालं ते त्यांना नको होतं. उरलेला खेळ त्यांनी लक्ष न देता खेळला. घरी येऊन शर्ट काढताना खिशातून तो फासा खाली पडला. परत द्यायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी फोन केला, आणि पहिल्यांदाच त्यांना बोलायला मुद्दा सुचेना. पलीकडे चारुशीला वाट बघत होती.

"बरं आहे ना?" तिने विचारलं.

"बरं आहे." मग थोड्या वेळाने, "अकोल्याला येऊ का बुधवारी?"

"या की," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता की नुसती सभ्यता, हे त्यांना ओळखता आलं नाही.

बुधवारी बडनेऱ्याहून त्यांनी गाडी पकडली. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मनात एक बांधणी करून बघितली, पुढे बोरगावपर्यंत ती मोडली. अकोल्याला उतरले तेव्हा डोकं रिकामं होतं, आणि अशा रिकाम्या डोक्याने ते आयुष्यात कुठल्याच कामाला गेले नव्हते.

दार बेबीताईने उघडलं. सत्तरीची बाई, ताठ, हातात काठी नाही. "आले का वकीलसाहेब. बसा. चारू सहाले येईन छापखान्यातून."

तिने माठातलं पाणी दिलं आणि समोर बसली. वसंतरावांनी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. "मी तिले धरून नाही ठेवलं, सांगून देतो. दोनदा म्हणलं, चारू, माहा पाय बरा झाला, जाय आता घरी. हो म्हणते अन् जात नाही."

"काहीतरी सांगत असेल ना?"

"नाही सांगत. मले काहून इचारता? तिले इचारा."

"विचारलं मी. रोज विचारतो."

बेबीताईने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी इचारता की सांगता?" असं म्हणून ती आत कणीक भिजवायला गेली. उत्तराची तिला गरज नव्हती.

चार वाजले होते. दोन तास त्या खोलीत बसणं वसंतरावांना जमेना. ऑटो करून ते छापखान्यात गेले. जुन्या शहरातल्या एका बोळात, खाली कागदांचे गठ्ठे आणि वर तीन टेबलं. मालक नत्थुजी दारातच भेटले. सगदेवबाईंचे यजमान म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि आवाज लहान करून म्हणाले, "पाच मिनिटं थांबा साहेब. त्या कामात आहेत."

चारुशीला खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल, समोर कृषी विद्यापीठातला कोणी विद्यार्थी. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर त्याने प्रबंध लिहिला होता. ती एकेका ओळीवर पेन्सिल टेकवून त्याला काहीतरी समजावत होती, मधेच तो वाद घालत होता, ती ऐकून घेत होती आणि मग म्हणत होती, "नाही, मला नाही पटत. हे वाक्य तुटलंच पाहिजे." वसंतराव ते ऐकत होते. 'मला नाही पटत' हे तीन शब्द तिच्या तोंडून आपण याआधी कधी ऐकले, हे त्यांनी आठवून पाहिलं. भाजीवाल्याशी बोलताना ऐकले होते. आणखी कुठे ते आठवेना.

तिचं काम आटोपून ते बाहेर पडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौकातल्या रसवंतीत दोघं बसली. चारुशीलाने आलं-लिंबू घालायला सांगितलं, बर्फ नको म्हणाली. वसंतरावांनी विचारलं, "काम बरं आहे?"

"छान आहे. डोळे दुखतात संध्याकाळी." मग तिने विचारलं, "स्वराली सांगत होती, कसला खेळ खेळताय म्हणून?"

आणि वसंतराव सांगायला लागले. त्यांना दुसरं बोलायचं होतं, पण निघालं हेच. काटेगड, दारवान, बारा मिनिटांचं भाषण, चारचा आकडा, सुगतचे अठरा. भाषण त्यांनी थोडक्यात करूनही दाखवलं. रसवाल्याने चरकाजवळून मान वळवून ऐकलं. "आता तू सांग," ते शेवटी म्हणाले. "यात चूक काय होती? दरवाजा उघडायला हवा होता की नाही?"

चारुशीलाने रसाचा घोट घेतला. ती गंभीरपणे विचार करत होती, त्यांचे कोर्टाचे मसुदे वाचताना करायची तसा. "भाषणात काही चूक नव्हती," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

"पण मला तो फासा आवडला."

"आवडला म्हणजे?"

"माझ्याकडे असता तर बरं झालं असतं असं वाटलं." तिने ग्लास खाली ठेवला. "छत्तीस वर्षं तुम्ही जे जे बोललात ते इतकं बरोबर असायचं की नाही म्हणायला मला जागाच सापडायची नाही. मग मी हो म्हणायची. पटलं म्हणून नाही हो. उत्तर नव्हतं म्हणून."

वसंतरावांनी विचारलं, "म्हणजे कोणत्या बाबतीत?"

"धामणगावची नोकरी."

ती शाळेतली नोकरी तिने सोडली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. वसंतरावांना तो दिवस आठवला. रोजची गाडीची ये-जा, मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, असे सगळे मुद्दे आठवले. एकही कच्चा नव्हता. "पण ते बरोबरच होतं," ते म्हणाले.

"होतंच."

"मग पटलं नाही असं सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलं असतंत, का नाही पटलं."

"अर्थातच विचारलं असतं."

"तेच ना," चारुशीला म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्यांना पुढचं वाक्य सुचलं असतं. ती गाळणीत अडकलेली लिंबाची बी बघावी तशी ग्लासाच्या तळाकडे बघत होती. वसंतरावांच्या मनात आलं की हे सगळं खोडून काढता येईल. एका माणसाने न सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला कळावी कशी, हा प्रश्न विचारता येईल आणि त्याला उत्तर नाही. म्हणजे ती पुन्हा म्हणेल, बरोबर आहे तुमचं. तोंडापर्यंत आलेला तो प्रश्न त्यांनी गिळला. आपलं बरोबर असूनही न बोलणं हे त्यांना नवीन होतं, आणि त्याने काय होतं हे ठाऊक नव्हतं.

रुमाल काढताना त्यांच्या खिशातून फासा टेबलावर आला. चारुशीलाने तो उचलून उन्हाकडे धरला. "हाच का? किती बारीक आकडे आहेत." तिने बोटाने फिरवून पाहिला. "टाका बरं."

"कशासाठी?"

"तुम्ही ज्यासाठी आलात त्यासाठी."

"किती पडायला हवेत?"

"ते मी मनात धरलंय."

"असं कसं? आधी सांगायला हवं. नाहीतर नंतर तू काहीही म्हणू शकतेस."

"तुमची ती माया सांगते का आधी?"

"नाही."

"मग."

वसंतरावांनी फासा हातात धरला. त्यांनी तो टाकला. तो टेबलावरच्या रसाच्या डागात घरंगळत गेला आणि थांबला.

अकरा.

ना इकडचे ना तिकडचे. वसंतरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अनेक वर्षं न्यायाधीशांचे चेहरे वाचलेला माणूस, पण या चेहऱ्यावर त्यांना एक अक्षर लागलं नाही.

"हं," चारुशीला म्हणाली. तिने फासा रुमालाने पुसून त्यांच्या हातात दिला आणि उठली. "चला, बेबी वाट बघत असेल. तुमच्यासाठी पातोडीची भाजी करणार म्हणत होती."

जेवून वसंतराव रात्रीच्या गाडीने परतले. पातोडीची भाजी चांगली झाली होती. बेबीताईने निघताना विचारलं, "मग ठरलं का काही?" आणि दोघांनीही एकदमच घड्याळाकडे पाहिलं.

गुरुवारी त्यांनी फोन केला, तेव्हा तिने तुरीच्या अळीचा प्रबंध संपल्याचं सांगितलं. शुक्रवारी त्यांनी केला नाही. शनिवारी दुपारी दीड वाजता रुक्मिणीनगरातल्या घरासमोर ऑटो थांबला आणि चारुशीला उतरली. तीच बॅग, शिवाय एक नवी पिशवी, आत छापखान्यातले कागद. तिने घरभर फिरून पाहिलं, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी दिलं, फ्रिजमधलं निम्मं फेकून दिलं आणि टेबलावरची लाल खुणांनी भरलेली नियमांची चोपडी उचलली.

"किती पानं आहेत?"

"चाळीस."

"शुद्धलेखन भयंकर आहे," ती म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन तिथेच बसली.

रविवारी त्यांनी तिला मायाकडे चलायचा आग्रह केला. म्हणजे आग्रह करायला सुरुवात केली. तिने मान हलवली. "मला रविवारी दुपारी झोपायचंय." ते पुढे काही बोलले नाहीत, एकटेच गेले. त्या दिवशी भिवाने कोणाशी काही बोलायचा प्रसंगच आला नाही. नुसत्या भिंती चढायच्या होत्या. त्यातही तो दोनदा पडला.

संध्याकाळी ते परतले तेव्हा ती सोमवारच्या सकाळच्या गाडीची वेळ बघत होती.

"म्हणजे तू जाणार?"

"काम आहे ना. शनिवारी येते."

"दर शनिवारी?"

"बघू. कधी तुम्ही या बुधवारचे."

वसंतराव खुर्चीत बसले. त्यांना विचारायचं होतं, की अकरा पुरले का. पुरले असते तर ती परत जात नसती. पुरले नसते तर आलीच नसती. त्यांनी विचारलंच. "तू मनात किती धरले होते?"

चारुशीला कागदांची चळत ठोकून सरळ करत होती. "आठवत नाही," ती म्हणाली. खरं सांगत होती की थाप मारत होती, कोण जाणे. "उद्या मला बडनेऱ्याला सोडाल ना?"

सोमवारी सकाळी त्यांनी तिला स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं. गाडी वेळेवर आली. खिडकीजवळ जागा मिळाली, तिने आतून हात केला, लगेच चष्मा लावून एक कागद उघडला. गाडी सुटली आणि वसंतराव फलाटावर उभे राहिले. निघायचं भानच त्यांना राहिलं नव्हतं.

"सगदेवसाहेब." मागून हाक आली. कोर्टातले त्यांचे जुने सोबती शालिकराम वकील नागपूरच्या गाडीची वाट बघत उभे होते. "वहिनी दिसल्या खिडकीत. चार-पाच महिने अकोल्याला होत्या म्हणे. आल्या वाटते परत?"

"आल्या," वसंतराव म्हणाले.

"आता कुठे गेल्या?"

"अकोल्याला."

शालिकरामांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंजे नाही आल्या."

"नाही, आल्या आहेत. म्हणजे जातात." वसंतराव थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या सरळ करून घेतलेल्या माणसाला आपली स्वतःची सरळ मांडता येईना. "शनिवारी येणार आहे," त्यांनी एवढंच सांगितलं, आणि स्कूटर कुठे लावली होती ते आठवत फलाटाबाहेर निघाले.